घरातला समुद्र आणि त्याची यंत्रे

ग्वाल्हेर समुद्रापासून किती दूर आहे, याचा विचार येथे राहणाऱ्याला सहसा करावा लागत नाही. मुंबईचा किनारा येथून हजार किलोमीटरांहून अधिक अंतरावर आहे. जवळात जवळचे खारे पाणी म्हणजे खंबायतचे आखात, तेही सरळ रेषेत मोजले तरी सातशे किलोमीटरांच्या घरात. लष्करात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांपैकी कित्येकांची मूळ गावे कोकणात असतील. पण भरती आणि ओहोटी हे शब्द त्यांच्या मुलांना पाठ्यपुस्तकातूनच भेटतात. अशा या शहरातील एका जुन्या वाड्याच्या दिवाणखान्यात, काचेच्या पेटीत, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला विदूषक मासा हेलकावे घेत असलेला मी प्रथम पाहिला, तेव्हा आधी मौज वाटली आणि मग थोडी धास्ती. मौज त्या माशाची. धास्ती त्या पेटीच्या मागे लोंबणाऱ्या अकरा तारांची.

श्रोतेहो, आज मला जे सांगावयाचे आहे ते या तारांच्या टोकांना असलेल्या यंत्रांविषयी. मासे सुंदर असतात हे सांगण्यास वेगळ्या भाषणाची आवश्यकता नाही. परंतु त्यांना जिवंत ठेवणारी उपकरणे कशी असतात, ती कशाने बिघडतात आणि बिघडताना काय करतात, याची चौकशी खरेदीपूर्वी फारसे कोणी करीत नाही. ती करावयास हवी. कारण येथे यंत्र बिघडले म्हणजे नुसती गैरसोय होत नाही, तर काचेपलीकडचा जीव जातो, आणि प्रसंगी काचेअलीकडचाही.

खऱ्या समुद्रात हे सर्व काम त्याचा विस्तारच करतो. एवढ्या प्रचंड पाण्याला एका दुपारचे ऊन तापवू शकत नाही, एका माशाची विष्ठा नासवू शकत नाही, एका दिवसाचे बाष्पीभवन अधिक खारट करू शकत नाही. दीडशे लिटरांच्या पेटीपाशी हा विस्तार नसतो. म्हणून समुद्राचे एकेक काम एकेका यंत्राकडे सोपवावे लागते: उष्णता राखण्यास हीटर, ती उतरविण्यास चिलर, प्रवाहासाठी पंप, घाण काढण्यासाठी फिल्टर आणि फेस उसळवून सेंद्रिय मळ बाहेर टाकणारा स्किमर, आटलेले पाणी भरण्यासाठी तरंगत्या गोळ्याचा स्विच. हा उद्योग तसा जुना आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली पहिले सार्वजनिक मत्स्यगृह उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाच्या पुस्तकाने 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द रूढ केला. किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांसाठी गॉसने चार क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजल करण्याची कृतीही प्रसिद्ध केली होती. १९५१ मध्ये मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, तेव्हा समुद्र मरीन ड्राइव्हच्या रस्त्यापलीकडेच होता. तेथे पाण्याची चिंता नव्हती आणि हवाही समुद्राची होती. ग्वाल्हेरच्या पेटीला या दोन्ही गोष्टींचे पाठबळ नाही. तिचा सारा भार यंत्रांवर आहे.

मी वर सांगितलेली पेटी माझ्या भाच्याची. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत एका सकाळी सात वाजता त्याचा दूरध्वनी आला. रात्री दहाला पाणी २५ अंशांवर होते. सकाळी ते ३३ अंशांवर गेले होते. पाच माशांपैकी तीन तळाशी पडले होते आणि उरलेले दोन पृष्ठभागापाशी तोंड उघडून धापा टाकीत होते. बाहेर ग्वाल्हेरची ती प्रसिद्ध थंडी, धुक्याने समोरचे घर दिसत नाही अशी, आणि आत पाणी वैशाखातल्यासारखे! "मामा, हीटर तर अगदी नवा होता," असे तो पुनःपुन्हा म्हणत होता. त्याचे म्हणणे खरे होते. हीटर सहा आठवड्यांचा होता. दुकानदाराने "इकडे थंडी फार पडते, मोठाच घ्या" म्हणून ३०० वॅटचा दिला होता.

झाले होते ते असे. साध्या हीटरमध्ये दोन धातूंची जोडपट्टी असते. पाणी निवले की ती वाकून विद्युत्‌मंडळ जोडते, तापले की तोडते. प्रत्येक वेळी जोडताना-तोडताना तेथे एक बारीक ठिणगी उडते. संपर्काचे ठिपके चांगल्या मिश्रधातूचे असतील, पट्टी झटक्यासरशी उघडत-मिटत असेल, तर त्या ठिणग्या वर्षानुवर्षे सोसल्या जातात. ठिपके हलके असतील आणि पट्टी रेंगाळत उघडत असेल, तर एखाद्या रात्री ते एकमेकांना चिकटतात. जणू डागच दिला जातो. मग पट्टीने कितीही वाकावयाचे मनात आणले तरी मंडळ तुटत नाही. दीडशे लिटर समुद्रजल एका अंशाने तापविण्यास सुमारे १७० वॅट-तास लागतात. म्हणजे ३०० वॅटचा चिकटलेला हीटर, थंड खोलीकडे जाणारी उष्णता वजा करूनही, तासाला एकेक अंश सहज चढवितो. रात्री दहा ते सकाळी सात या नऊ तासांचा हिशेब आपणच करावा.

आता यातील लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी. तोच हीटर विरुद्ध रीतीने बिघडला असता, म्हणजे तार तुटून कायमचा बंद पडला असता, तर पाणी सावकाश निवले असते, आणि मासे सुस्तावले असले तरी सकाळपर्यंत जगले असते. उपकरण एकच आणि त्याची किंमतही एकच. पण एका बिघाडात उपाय करण्यास वेळ मिळतो आणि दुसऱ्यात मिळत नाही. म्हणून यंत्र विकत घेताना ते किती चांगले चालते एवढेच विचारून भागत नाही. ते मोडते कसे, हे आधी विचारावे लागते. दुकानात हा प्रश्न विचारला असता विक्रेता आपल्याकडे थोडा संशयाने पाहतो, हा माझा अनुभव आहे. तरी विचारावा.

या प्रश्नाच्या उजेडात पाहिले म्हणजे ३०० वॅटच्या एका हीटरऐवजी १०० वॅटचे दोन हीटर का लावावेत, हे कोणी सांगावे लागत नाही. एक चिकटला तरी त्याच्या अंगात पेटी उकळविण्याइतके बळच नसते. एक बंद पडला तरी दुसरा निम्मी बाजू सांभाळतो. शिवाय दोघांच्या मध्ये वेगळा नियंत्रक असावा, म्हणजे हीटरच्या आतली पट्टी चिकटली तरी बाहेरचा स्विच मंडळ तोडील. पण या नियंत्रकाचीही एक खोड आहे. त्याचा उष्णतामापक दांडा रबरी चोषकाने काचेला चिकटविलेला असतो, आणि खाऱ्या पाण्यात हे रबर वर्षभरात कडक होऊन काच सोडते. दांडा पाण्याबाहेर लोंबला की नियंत्रक खोलीचे १३ अंश वाचतो आणि 'पाणी फार थंड आहे' अशा समजुतीने हीटर चालूच ठेवतो. चार रुपयांच्या रबराने चार हजारांच्या यंत्राला खोटी साक्ष द्यावी, तशातला हा प्रकार. दांडा प्लॅस्टिकच्या पट्टीने नळीला बांधून टाकावा, हे उत्तम.

हिवाळ्याचे एवढे, पण ग्वाल्हेरची खरी परीक्षा मे आणि जून महिन्यांत होते. बाहेर पारा ४५ अंशांवर जातो, आणि प्रवाळद्वीपांतले मासे तर २५ ते २८ अंशांत सुखाने राहतात. यासाठी चिलर घेतात. चिलर म्हणजे वस्तुतः एक लहान शीतकपाट. ते थंडी निर्माण करीत नाही, पाण्यातील उष्णता उचलून खोलीत टाकते; आणि ती टाकण्यासाठी खोलीची हवा पुरेशी थंड असावी लागते. घरगुती शीतकपाटांचे हवामानाप्रमाणे वर्ग केलेले असतात; समशीतोष्ण वर्गाचे कपाट ३२ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी, तर उष्ण कटिबंधाच्या वर्गाचे ४३ अंशांपर्यंत चालावे अशी अपेक्षा असते. पेटीसाठी येणाऱ्या पुष्कळशा चिलरांवर असा काही वर्ग लिहिलेलाच नसतो; 'तीनशे लिटरांसाठी' एवढेच लिहिलेले असते. ते तीनशे लिटर कोणत्या हवेतले? समुद्रकिनाऱ्याच्या एखाद्या सौम्य शहरातले असल्यास ग्वाल्हेरला त्यांचे दीडशेही होत नाहीत. त्यातून लोक दिसू नये म्हणून चिलर पेटीखालच्या लाकडी कपाटात बंद करतात. मग तो स्वतःच टाकलेली ऊब पुन्हा ओढीत राहतो, तापतो, आणि सुरक्षा-स्विचने बंद पडतो. बरोबर दुपारी तीन वाजता. येथे दोष यंत्राचा की ठेवणाराचा, असा वाद मी पुष्कळ ऐकला आहे. माझ्या मते दोष माहितीपत्रकाचा. ज्या यंत्राने कोणत्या उष्णतेपर्यंत काम करावयाचे हे लिहिलेले नाही, त्याने काम केले नाही असे सिद्ध तरी कसे करावयाचे?

आमच्या जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंती या बाबतीत फार उपकारी आहेत, हे जाता जाता सांगितले पाहिजे. तळमजल्याच्या मधल्या खोलीत दुपारी जी शीतलता असते ती कोणत्याही दुकानात मिळत नाही.

उष्णतेनंतर पंप. ग्वाल्हेरात पाण्यात बुडवून चालणारा पंप म्हटला की तो कूलरचा पंप. उन्हाळा लागला की बाजारात त्यांचे ढीग लागतात आणि किंमतही थोडी असते. 'पाणीच तर ढकलावयाचे आहे' असा विचार करून कित्येक जण तोच पेटीत सोडतात. कूलरच्या पंपात लोखंडाचा आस असू शकतो, पितळेची चकती असू शकते, तांब्याची तार उघडी पडू शकते. गोड्या पाण्यात हे एखादा उन्हाळा निभावते. खाऱ्या पाण्यात लोखंड आठवड्यात तांबडे होते. आणि तांबे तर शंख, कोळंबी, समुद्रफूल यांसारख्या अपृष्ठवंशी जीवांना अत्यल्प प्रमाणातही विषारी ठरते. पंप चालत राहतो आणि जीव मरत राहतात. कारण कळावयास महिने लागतात. 'स्टेनलेस' या शब्दावरही फार विसंबू नये. साध्या प्रतीच्या पोलादावर जे संरक्षक कवच असते त्याला मिठातला क्लोराइड टाचणीएवढी भोके पाडतो. त्याहून वरची ३१६ क्रमांकाची प्रत अधिक टिकते. खात्रीचे म्हणावे तर टायटॅनियम, पक्की चिनी माती किंवा प्लॅस्टिक. पेटीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त पंपांचे मर्म त्यांच्या फिरत्या लोहचुंबकात असते. चुंबकावर राळेचा लेप असतो. लेपाला तडा गेला की खारे पाणी आत शिरते, चुंबक गंजून फुगतो, आणि पंप अडकतो. पंप उघडून हा लेप भिंगाखाली पाहावा. त्यावरून कारखान्याच्या वृत्तीची बरीच कल्पना येते.

परंतु आपल्याकडे पंपाची सर्वांत कठीण वेळ तो चालू असतानाची नसते. ती बंद पडून पुन्हा सुरू होण्याची असते. उन्हाळ्यात वीज जाते आणि येते, कधी एका दुपारी चार वेळा. अखंड चालणारा जीर्ण पंप महिनोन्‌महिने चालतो. पण थांबला की आसावर बसलेल्या क्षारांच्या थराने जखडतो आणि वीज आल्यावर नुसता गुणगुणत बसतो. घरातील मंडळी आवाज ऐकून समाधान पावतात. म्हणून नवा पंप घरी आणल्यावर बादलीत ठेवून तो वीस वेळा बंद करून सुरू करावा. वीसही वेळा विनातक्रार फिरला तरच पेटीत सोडावा, आणि पुढेही आठवड्यातून एकदा ही परीक्षा घ्यावी. इन्व्हर्टरवर चालविणार असाल तर तो शुद्ध तरंगाचा असावा. चौकोनी तरंगाच्या स्वस्त इन्व्हर्टरवर असे पंप तापतात आणि घरघरतात.

वीज गेल्यावर वेळ किती असतो? गोड्या पाण्याच्या पेटीपेक्षा कमी. २५ अंशांच्या गोड्या पाण्यात एका लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तेवढ्याच उष्णतेच्या समुद्रजलात सुमारे ६.७, आणि पाणी तापत जाईल तसा तोही घटतो. म्हणून बॅटरीवर चालणारा लहानसा हवेचा पंप हे माझ्या मते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचे उपकरण आहे. बंद डब्यासारखे जे फिल्टर असतात त्यांच्याबाबत मात्र आणखी एक सावधगिरी हवी. त्यांत कोट्यवधी उपयुक्त जंतू माशांनी शरीराबाहेर टाकलेल्या अमोनियाचे रूपांतर करीत असतात. प्रवाह कित्येक तास थांबला की डब्यातला प्राणवायू संपतो, जंतू मरू लागतात, आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारा विषारी वायू तयार होऊ शकतो. वीज येताच हेच पाणी यंत्र इमानेइतबारे पेटीत ओतते. दीर्घ काळ वीज गेली असेल तर डबा उघडून ते पाणी आधी फेकून द्यावे. येथे यंत्रात काहीच बिघडलेले नसते, हे विशेष.

पाणी आपोआप भरणाऱ्या स्विचचे उदाहरण मला या साऱ्यात अधिक बोधक वाटते. ग्वाल्हेरच्या कोरड्या हवेत पंखा चालू असताना पेटीतले पुष्कळ पाणी रोज उडून जाते. मीठ मात्र मागे राहते. दोनशे लिटरांतले वीस लिटर उडाले तर दर हजारी ३५ भाग असलेला क्षार ३९ च्या जवळ पोहोचतो. म्हणून गोड्या पाण्याच्या टाकीतून थोडे थोडे पाणी भरणारा तरंगता स्विच लावतात. एखादी गोगलगाय त्याच्याखाली जाऊन बसली, किंवा त्याच्या बिजागरीवर मीठ साचले, की तो 'पाणी कमी आहे' असेच सांगत राहतो आणि सारी टाकी पेटीत रिकामी होते. दीडशे लिटरांच्या पेटीत वीस लिटर गोडे पाणी पडले तर क्षार ३५ वरून ३१ वर येतो; वाईट, पण बहुतेक मासे सोसतील. सोयीसाठी म्हणून शंभर लिटरांचा पिंप जोडला असेल तर तो २१ वर येतो, आणि जमिनीवर तळे साचते ते वेगळेच. येथे भांडे लहान ठेवणे हीच सुरक्षितता. यंत्र बेइमान झाले तरी त्याच्या हाती फार काही असू नये.

तिघरा धरणाचे पाणी या शहराला मिळते. ते धरण बांधल्यावर लवकरच, १९१७ मध्ये, पूर बांधावरून गेला आणि दगडी बांधकामाचे मोठमोठे भाग आपल्या जागेवरून सरकले; पुढे ते पुन्हा बांधावे लागले. त्या महासंकटाची आणि दिवाणखान्यातल्या पेटीची तुलना करणे अनुचित होईल. पण पाणी कोंडले म्हणजे ते दुबळ्या सांध्याचा शोध रात्रंदिवस घेते, एवढे दोन्हीकडे सारखेच आहे. पेटीचे पाणी जमिनीवर येते ते बहुधा काच फुटून नव्हे. वीज गेल्यावर परतीच्या नळीतून ते वक्रनलिकेच्या न्यायाने उलटे खाली उतरते, आणि खालची टाकी भरून वाहते. हे अडविण्यासाठी नळीला पाण्याच्या पातळीपाशी एक बारीक भोक पाडतात. ते भोक मिठाने बुजते. महिन्यातून एकदा ते काडीने मोकळे करणे, हा सारा उपाय.

आता जी गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही ती सांगतो. समुद्रजल नळाच्या पाण्यापेक्षा सुमारे शंभर पट अधिक विद्युत्‌वाहक असते. या पाण्यात घरातला २३० व्होल्टचा प्रवाह घेऊन पाच-सहा यंत्रे बुडालेली असतात, आणि त्यांच्या अन् पाण्याच्या मध्ये काचेची एक नळी किंवा राळेचा एक थर एवढेच अंतर असते. कूलरला हात लावून विजेचा धक्का बसल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात आपण वाचतो. पेटीत तर आपण कोपरापर्यंत हात घालतो. उपकरणावर 'जलरोधक' म्हणून जे अंक छापलेले असतात त्यांच्या चाचण्या गोड्या पाण्यात होतात. वर्षभर मिठात राहिल्यानंतर तारेच्या तोंडाशी असलेल्या राळेचे काय होते, याचे उत्तर त्या अंकांत नसते. जुन्या वाड्यांतील अनेक भिंतींवर अजूनही दोनच भोकांचे सॉकेट आहेत, म्हणजे अर्थिंग नाही. अशा घरी पेटी ठेवण्यापूर्वी पहिला खर्च मासे-प्रवाळांवर नव्हे, इलेक्ट्रिशियनवर करावा: योग्य अर्थिंग, आणि ३० मिलिअँपिअरची गळती होताच क्षणार्धात मंडळ तोडणारा सुरक्षा-स्विच. प्रत्येक तार प्लगकडे जाण्यापूर्वी खाली झोल देऊन वर न्यावी, म्हणजे तारेवरून ओघळणारे थेंब झोलापाशी गळून पडतील. पाण्यात हात घालण्यापूर्वी सर्व यंत्रे बंद करावीत. पाण्याबाहेर आलेला तापलेला हीटर तडकतो, या कारणाने देखील ते इष्ट आहे. माझ्या भाच्याला अधूनमधून हाताच्या जखमेवर पाणी लागताच मुंग्या येत असत; मिठामुळे चुरचुरते अशी त्याची समजूत होती. सुरक्षा-स्विच बसविल्यावर तो पहिल्याच दिवशी तीन वेळा तुटला. शोधता शोधता एका पंपाची तार मुळाशी चिरलेली सापडली.

मोजण्याच्या साधनांविषयी थोडक्यात सांगतो, कारण तेथली फसवणूक मुकी असते. क्षार मोजण्याची डोलत्या काट्याची प्लॅस्टिकची पेटी असते. काट्याला एक बुडबुडा चिकटला तरी तो वर उठतो आणि पाणी आहे त्याहून खारट दाखवितो. काचेचा तरंगमापक अधिक प्रामाणिक. पण तो पुष्कळदा ६० अंश फॅरेनहाइटसाठी, म्हणजे १५ ते १६ अंश सेल्सिअससाठी आखलेला असतो. २५ अंशांच्या पाण्यात तो विशिष्ट गुरुत्व सुमारे ०.००२ ने कमी दाखवितो, आणि नवशिका आणखी मीठ ओततो. दुर्बिणीसारखे प्रकाशाच्या वक्रीभवनाने मोजणारे साधन सर्वांत सोयीचे मानले जाते. त्याच्यावर 'उष्णतेची दुरुस्ती आपोआप' असे छापलेले असते. मात्र बारीक अक्षरांत ही दुरुस्ती बहुधा १० ते ३० अंशांपर्यंतचीच असल्याचे सांगितलेले असते. मे महिन्यात आमच्या खोल्याच ३० अंशांच्या वर असतात! शिवाय यांतील कित्येक साधने समुद्रजलासाठी नसून साध्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेली असतात. म्हणून ते शुद्ध पाण्याच्या शून्यावर जुळवून थांबू नये. दर हजारी ३५ भागांच्या प्रमाणित द्रावणावर जुळवावे. मिठाचे पोते पावसाळ्यात दगडासारखे झाले असेल किंवा दुकानदार सुटे मीठ पिशवीत भरून देत असेल, तर तेही घेऊ नये. मिठागरातले खाण्याचे मीठ तर मुळीच चालत नाही. समुद्राच्या एकूण क्षारांत ते सुमारे ७८ टक्केच असते, आणि मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचा बराच भाग मिठागरातच मागे राहून जातो. घरच्या शुद्धजल-यंत्रातले पाणी वापरणारांनी हेही पाहावे की, पिण्यास गोड लागावे म्हणून त्यात क्षार मुद्दाम परत मिसळलेले असतात.

मासे कोठून येतात हा प्रश्न यंत्रांच्या प्रश्नापासून वेगळा नाही. बहुतेक सागरी मासे अजूनही प्रवाळांतून धरून आणले जातात. म्हणजे हीटर बदलून मिळेल, पण मेलेल्या माशाच्या जागी दुसरा पकडावा लागेल. विदूषक मासे मात्र आता आपल्याकडे पैदा करता येतात. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने ते तंत्र सिद्ध केले आहे, आणि महाराष्ट्रात ऐरोली येथेही त्यांचे पैदास केंद्र उभारण्यात आले. घ्यावयाचे तर असे घ्यावेत. जिवंत प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. दुकानदाराने कितीही आग्रह केला तरी किनाऱ्यावरून उचललेला प्रवाळाचा तुकडा पेटीत ठेवणे हा गुन्हा ठरतो.

विदूषक मासा चांगल्या निगेत पंधरा-वीस वर्षे जगू शकतो. त्याच्या पंपाची हमी सहा महिन्यांची असते, फार तर वर्षाची. आणि ती हमीही पंपाचीच असते, माशाची नव्हे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूमुळे इतर मालमत्तेची किंवा शरीराची हानी झाल्यास उत्पादक व विक्रेता यांच्या दायित्वाची तरतूद आहे, आणि तक्रार ग्राहकाला स्वतःच्या गावी करता येते. दिल्ली-मुंबईच्या दुकानातून घरबसल्या वस्तू मागविणाऱ्या ग्वाल्हेरकराला ही सोय लहान नाही. मात्र पावती हवी, खोक्यावरचा क्रमांक हवा, आणि बिघडलेले यंत्र फेकून न देता ठेवलेले हवे. माझ्या भाच्याने रागाच्या भरात हीटर गच्चीवरून खाली भिरकावला होता, त्यामुळे आमचे प्रकरण तेथेच संपले. पावतीवरही नुसते 'फिश आयटम' असे लिहिलेले होते.

आता त्याच्या पेटीमागे अकराऐवजी आठ तारा आहेत. १०० वॅटचे दोन हीटर, बाहेरचा नियंत्रक, बॅटरीचा हवेचा पंप, आणि खणात पंपाचा एक जादा चुंबक. जो पंप घेतला तो याच कारणासाठी घेतला, की त्याचे सुटे भाग मिळतात. दर रविवारी चहा झाल्यावर तो पंप बंद करतो, दहा अंक मोजतो, पुन्हा सुरू करतो आणि पाण्यावर हात धरून प्रवाह आला की नाही हे पाहतो. त्या रात्री वाचलेले दोन मासे अजून आहेत. येत्या उन्हाळ्यापूर्वी चिलर मधल्या खोलीत हलवावयाचा आणि भिंतीतून नळ्या काढावयाच्या, असे माझे म्हणणे आहे. वाड्याच्या भिंतीला भोक पाडू देण्यास त्याची आजी अजून तयार नाही.